‘ठिकाण’ म्हणजे नेमके कुठे? जगभरातून मागणीनुसार होणाऱ्या नेटवर्क चाचण्यांची पार्श्वभूमी

एखादा सर्व्हर जगातील निरनिराळ्या शहरांना किती वेळात उत्तर देतो, हे आज कोणालाही ब्राउझरमध्ये पत्ता टाकून काही सेकंदांत पाहता येते. पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ), ट्रेसरूट (वाटेतले टप्पे), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे), एचटीटीपी (वेबपान मागवणे) अशा मोजक्या चाचण्या, शहरांची एक लांब यादी आणि प्रत्येक शहरापुढे मिलिसेकंदांतला एक आकडा, असे या सेवांचे रूप आता ठरून गेले आहे. वापरणारे त्या आकड्यांवर खल करतात आणि शहराचे नाव मात्र निमूटपणे मान्य करतात. प्रत्यक्षात आकडा बहुधा खरा असतो आणि शंका घ्यायची ती नावावर, कारण गेल्या तीस वर्षांत या क्षेत्रात सर्वांत जास्त अर्थ बदललेला शब्द ‘ठिकाण’ हाच आहे.

पिंग 1983 च्या डिसेंबरमध्ये लिहिले गेले आणि ट्रेसरूट त्याच दशकाच्या उत्तरार्धात आले. दोन्ही साधने ज्याच्या यंत्रावर चालवावीत तिथूनच बघतात, आणि पुढचा सारा इतिहास या एका मर्यादेतून सुटण्याच्या खटपटीचा आहे. तक्रार करणारा असतो दुसऱ्या खंडात, मोजणारा असतो सर्व्हरशेजारी आणि दोघांच्या मधला रस्ता कोणालाच पूर्ण दिसत नाही. शिवाय जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच असेल याची खात्री नसते. 1990 च्या दशकाच्या मध्यात झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात 37 ठिकाणांदरम्यान सुमारे 40,000 ट्रेसरूट घेतले गेले आणि दोन दिशांचे मार्ग वेगळे असणे हा अपवाद नाही, हे त्यातून दिसून आले. त्या अभ्यासाच्या निष्कर्षांइतकीच त्याची रचना आपल्या विषयाला महत्त्वाची आहे. प्रत्येक ठिकाणी एक छोटा प्रोग्रॅम कायम चालू ठेवलेला होता; बाहेरून विनंती आली की तो ट्रेसरूट चालवी आणि निकाल परत पाठवी. मागणीनुसार चाचणीचा सांगाडा तेव्हाच तयार झाला होता. फक्त मागणी करण्याचा अधिकार एकाच संशोधकाकडे होता.

तो अधिकार परक्यांना पहिल्यांदा मिळाला तो नेटवर्क चालवणाऱ्यांच्या ‘लुकिंग ग्लास’ पानांमुळे. आपल्या राउटरवर काही ठरावीक आज्ञा कोणालाही चालवू द्यायच्या, म्हणजे इतरांना आपल्या बाजूने जग कसे दिसते ते कळेल आणि त्यांच्या पानावरून आपल्याला त्यांच्या बाजूचे दिसेल, असा हा सरळ परतफेडीचा व्यवहार होता. त्याला लेखी नियम नव्हते. आज्ञा कोणत्या असाव्यात आणि उत्तर कोणत्या साच्यात यावे, यावरचे आरएफसी 8522 हे टिपण (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) 2019 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ही पाने वापरात येऊन जवळपास पाव शतक उलटले होते. दूरच्या यंत्राकडून पिंग आणि ट्रेसरूट करवून घेण्याची औपचारिक व्याख्या मात्र 2000 मध्येच आरएफसी 2925 ने केली होती, पण ती नेटवर्कच्या आतल्या देखरेखीपुरती राहिली. लुकिंग ग्लासच्या काळात ‘ठिकाण’ या शब्दात काहीच संदिग्ध नव्हते. राउटर ज्या खोलीत उभा आहे ती खोली म्हणजे ठिकाण, आणि ती ज्याची, त्यानेच ते सांगितलेले असे.

मोजणीचे शास्त्र याच सुमारास वेगळ्या दिशेने निघाले होते. 1998 च्या आरएफसी 2330 ने मोजणीचा आराखडा मांडताना नमुने यादृच्छिक अंतराने घ्यावेत असा आग्रह धरला, कारण दर पाच मिनिटांनी घड्याळ लावून मोजले तर नेटवर्कमध्येच नियमित अंतराने घडणाऱ्या घटना एकतर प्रत्येक वेळी पकडल्या जातात किंवा प्रत्येक वेळी निसटतात. मागणीनुसार चाचणी या आग्रहाच्या अगदी उलट टोकाला आहे. माणूस चाचणी लावतो ती काही बिघडल्याचा संशय आल्यावर. त्यामुळे अशा चाचण्यांचे हजारो निकाल एकत्र करून काढलेली सरासरी नेटवर्कच्या प्रकृतीपेक्षा लोकांच्या चिंतेचे वेळापत्रक जास्त सांगते. एका दिशेचा विलंब मोजायचा तर दोन्ही टोकांची घड्याळे काटेकोर जुळलेली हवीत. त्यासाठी जीपीएसचा अँटेना लावलेल्या पेट्यांचे एक युरोपीय जाळे वर्षानुवर्षे चालले आणि 2014 मध्ये बंद झाले. छपरावर अँटेना लावू देणारे यजमान शोधणे हे कोणत्याही सूत्रापेक्षा अवघड काम असते. मागणीनुसार चालणाऱ्या सेवांनी हा प्रश्न बाजूला ठेवला आणि जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेवर समाधान मानले, ते आजतागायत.

2000 च्या दशकात विद्यापीठांनी एकमेकांसाठी उघडलेल्या सर्व्हरांचे एक मोठे जाळे उभे राहिले. त्यात हजाराहून अधिक यंत्रे सामील झाली आणि 2020 मध्ये ते बंद होईपर्यंत नेटवर्कविषयक संशोधनाचा मोठा भाग त्यावर पोसला गेला. त्यावरचा आक्षेपही लवकरच पुढे आला. ही यंत्रे एकमेकांशी बोलत ती मुख्यतः संशोधन संस्थांच्या खास नेटवर्कमधून, आणि तिथे सामान्य वर्गणीदाराच्या वाट्याला येणारी गर्दी नसते. म्हणजे शहर खरे होते, देश खरा होता, पण त्या शहरातील लोक ज्या इंटरनेटवर असतात ते इंटरनेट हे नव्हते. ‘ठिकाण’ या शब्दाला पहिला तडा इथे गेला.

2006 नंतर क्लाउडमुळे दुसरा तडा गेला. दूरच्या खंडात यंत्र उभे करणे हे तासाच्या भाड्याचे काम झाले आणि ‘इतक्या शहरांतून चाचणी’ हा जाहिरातीचा मुद्दा बनला. यातील बहुतेक शहरे म्हणजे त्या शहराच्या आसपासची डेटा सेंटर होती, जिथून मोठे नेटवर्क एक-दोन टप्प्यांवर असते. ज्याचे संकेतस्थळ त्याच क्लाउडमध्ये आहे, त्याला तर आकडे हेवा वाटावा असे मिळत. माझ्या मते या काळात चाचणी सेवांनी वापरणाऱ्यांची दिशाभूल केली, ती खोटे बोलून नव्हे, तर शहराचे नाव लिहून आणि जोडणीचा प्रकार न लिहून.

2010 च्या अखेरीस युरोपातील, इंटरनेट पत्त्यांच्या वाटपाचे काम करणाऱ्या एका संस्थेने याला उत्तर म्हणून छोटी, मोजणी करणारी ‘प्रोब’ यंत्रे स्वयंसेवकांना मोफत वाटायला सुरुवात केली. घरच्या राउटरला जोडायची, वीज द्यायची आणि विसरून जायचे. या जाळ्याने मागणीला एक चलनही दिले. प्रोब जोडलेला असेल तोवर यजमानाच्या खात्यात मिनिटाला 15, म्हणजे दिवसाला 21,600 गुण जमा होतात आणि इतरांच्या प्रोबवरून चाचण्या लावताना ते खर्च होतात. लुकिंग ग्लासमधली परतफेड इथे हिशेबाच्या वहीत उतरली. 2020 पासून प्रोब केवळ सॉफ्टवेअरच्या रूपातही मिळू लागला आणि चालू प्रोबांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली. विस्तार अर्थातच सारखा नाही: युरोप आणि उत्तर अमेरिका दाट, बाकीचे जग विरळ. तरीही घराघरांतून मोजण्याची ही पहिली मोठी आणि सर्वांना खुली व्यवस्था होती, आणि तिची तुलना भाड्याच्या सर्व्हरांच्या यादीशी करणे योग्य नाही.

मात्र प्रोब घरात आल्यावर ‘ठिकाण’ हा शब्द सुटसुटीत होण्याऐवजी अधिकच गुंतला. त्याचे आता किमान चार अर्थ आहेत, आणि चाचणी सेवा त्यांतील कोणता वापरतात हे क्वचितच सांगतात.

पहिला अर्थ घोषित ठिकाणाचा. प्रोबचा यजमान नकाशावर स्वतः खूण करतो. ती खूण बहुधा खरी असते, पण यजमानाच्या खासगीपणासाठी जाहीर नकाशावर ती मुद्दाम किलोमीटरभर इकडेतिकडे सरकवलेली असते. आणि यजमान घर बदलताना प्रोब बरोबर नेतो तेव्हा नकाशावरची खूण जुन्याच दारात उभी राहू शकते.

दुसरा अर्थ आयपी पत्त्यावरून काढलेल्या ठिकाणाचा. पत्ता आणि शहर यांची सांगड घालणारे व्यापारी कोश अंदाजावर चालतात. 2016 मध्ये अशा एका कोशाची कहाणी गाजली. अमेरिकेतील ज्या पत्त्यांचे शहर सापडत नसे, त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू दिला जाई, आणि तो बिंदू कॅन्सस राज्यातील एका शेतघराच्या अंगणात पडत होता. 60 कोटींहून अधिक पत्ते त्या अंगणात ‘राहत’ होते, आणि ऑनलाइन गुन्ह्यांचा माग काढणारे तिथल्या रहिवाशांच्या दारात वर्षानुवर्षे येऊन उभे राहत होते. नंतर तो बिंदू एका जलाशयात हलवण्यात आला. चाचणी सेवेच्या यादीतील शहर अशाच कोशातून आले असेल, तर ते देशापुरते बहुधा बरोबर असते. शहरापुरती तशी हमी देता येत नाही.

तिसरा अर्थ नेटवर्कच्या दृष्टीने असलेल्या ठिकाणाचा, आणि विलंबाच्या बाबतीत खरा उपयोगी तोच. एकाच इमारतीत दोन कंपन्यांच्या जोडण्या असतील आणि त्या कंपन्या एकमेकींना दुसऱ्या देशात जाऊन भेटत असतील, तर शेजारच्या खोलीत पोहोचायला माहितीचे पॅकेट सीमा ओलांडून परत येते. त्यात डीएनएसची भर पडते. मजकूर पुरवणाऱ्या मोठ्या व्यवस्था जवळचा सर्व्हर निवडताना पुष्कळदा वापरणाऱ्याचे नव्हे, तर त्याच्यासाठी नावावरून पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरचे, म्हणजे डीएनएस रिझॉल्व्हरचे, ठिकाण पाहतात. वापरणाऱ्याच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवण्याची पद्धत 2016 च्या आरएफसी 7871 मध्ये नोंदली गेली, पण सगळे रिझॉल्व्हर ती पाळत नाहीत. परिणामी एकाच शहरातील दोन प्रोब एकच नाव विचारतात आणि वेगवेगळ्या सर्व्हरांना मोजून येतात. मोजले जाणारे टोकसुद्धा एका जागी असतेच असे नाही. डीएनएसच्या मूळ सर्व्हरांची नावे 13 आहेत, पण एनीकास्टमुळे, म्हणजे एकच पत्ता अनेक यंत्रांना देण्याच्या पद्धतीमुळे, त्या नावांमागे जगभर दीड हजारांहून अधिक यंत्रे उभी आहेत, आणि त्यांपैकी कोणते उत्तर देते हे मार्ग ठरवतो.

चौथा अर्थ विक्रीच्या ठिकाणाचा. व्हीपीएन, म्हणजे आपली जोडणी निवडलेल्या देशातील सर्व्हरमधून नेणाऱ्या, सेवांच्या यादीतील देशांबाबत 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सात सेवांचे 2,269 सर्व्हर तपासले गेले आणि किमान एक तृतीयांश सर्व्हर सांगितलेल्या देशात निश्चितपणे नव्हते. ही तपासणी झाली कशी, ते आपल्या विषयाला थेट लागू आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 1 मिलिसेकंदात जास्तीत जास्त 100 किलोमीटरचे अंतर कापले जाते. ज्यांची जागा पक्की माहीत आहे अशा यंत्रांपासून सर्व्हरला पोहोचायला लागणारा वेळ मोजला, की तो सर्व्हर कुठे असूच शकत नाही हे ठरवता येते. विलंबाचा आकडा ठिकाण नाकारू शकतो, पण सिद्ध करू शकत नाही, कारण उशीर गर्दीमुळेही होतो आणि वळणाच्या मार्गामुळेही. हाच नियम चाचणी सेवेच्या यादीवर लावून पाहण्यास कोणाची हरकत नसावी. ज्या दूरच्या शहरातून आपल्या सर्व्हरपर्यंतचा वेळ प्रकाशाच्या वेगाला न परवडणारा दिसतो, तिथे चाचणी घेणारे यंत्र त्या शहरात नाही किंवा उत्तर देणारे यंत्र आपले नाही, असे दोनच पर्याय उरतात.

स्वयंसेवकांच्या जाळ्यात ठिकाणाच्या प्रश्नाला जोखमीचीही बाजू आहे. पिंगचे पॅकेट कोणाच्या घरातून निघाले याची सहसा कोणी दखल घेत नाही. एचटीटीपीची विनंती मात्र एखाद्या बंदी असलेल्या संकेतस्थळाकडे गेली, तर ती यजमानाच्या नावावर नोंदली जाते. 2015 मध्ये सामान्य लोकांच्या ब्राउझरकडून, त्यांना न विचारता, अशा विनंत्या करवून सेन्सॉरशिप मोजणारा एक अभ्यास एका नामांकित परिषदेत स्वीकारला गेला, पण निवड समितीने त्याच्या नैतिकतेविषयीची आपली चिंता व्यक्त करणारे निवेदन लेखालाच जोडले. वर उल्लेख केलेल्या युरोपीय जाळ्याने घरच्या प्रोबवरून वाटेल त्या पत्त्यावर एचटीटीपी चाचणी करू दिलेली नाही. ती फक्त त्याच जाळ्यातील मोठ्या, जाहीर यंत्रांकडे करता येते. याबद्दल वापरणाऱ्यांची नाराजी जुनी आहे आणि समजण्यासारखीही आहे, कारण लोकांना आपल्या संकेतस्थळाची चिंता असते, पिंगची नव्हे. तरी हा निर्णय मला योग्य वाटतो. यजमानाने वीज आणि जोडणी देऊ केलेली असते. अनोळखी माणसाच्या कुतूहलाची जबाबदारी त्याने घेतलेली नसते.

गेल्या काही वर्षांत आलेल्या मुक्तस्रोत सेवांनी हे बंधन सैल केले. त्यांचे प्रोब बहुतांशी सर्व्हरवर कंटेनरच्या, म्हणजे बंदिस्त सॉफ्टवेअर संचाच्या, रूपात चालतात, विनंत्यांवर तासाची मर्यादा असते आणि आज्ञावलीतून किंवा एपीआयने (म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे थेट मागणी करून) मिनिटभरात डझनभर देशांतून निकाल मिळतात. प्रोब निवडताना आता शहर किंवा देशाबरोबर नेटवर्कचा क्रमांक देता येतो, आणि जोडणी डेटा सेंटरची आहे की घरगुती वर्गणीदारांच्या नेटवर्कची, हेही खुणेने मागता येते. पूर्वी न लिहिला जाणारा तपशील त्यामुळे उशिराने का होईना, यादीत आला आहे. शहराचे नाव मात्र अजूनही आयपी पत्त्यांच्या कोशांतूनच येते, आणि कोशांमध्ये मतभेद झाला तर त्यांची उत्तरे ताडून एक नाव निवडले जाते.