डीव्हीडी करायला येताना मूळ फाइलच आणा

"आम्ही कन्व्हर्ट करून आणलंय, तुम्ही फक्त डिस्कवर टाका." हे वाक्य ऐकलं की आमचा अर्धा दिवस गेला असं आम्ही धरून चालतो. काउंटरवर तेच तेच सांगून घसा बसतो आणि मागे उभ्या असलेल्यांचा खोळंबा होतो, म्हणून हे पत्रक छापलं. घरी नेऊन वाचा.

डीव्हीडी आता कोण बघतं, असं विचारणारे विचारतात. वाईला आजी-आजोबांकडे अजून प्लेअर आहे आणि त्यांना रिमोटचं एकच बटण दाबता येतं. त्यांच्यासाठीच आमच्याकडे मुंजी, लग्नं, अरंगेत्रं आणि शाळांची गॅदरिंग येत असतात.

पहिली गोष्ट. मोबाइलमधली एमपी फोर फाइल डिस्कवर नुसती कॉपी केली तर ती डिस्क कंप्युटरवर चालेल, नव्या प्लेअरवर कदाचित चालेल, आजींच्या प्लेअरवर बहुधा नाही. त्या प्लेअरला एमपेग-२ या जुन्या व्हिडिओ प्रकारातलीच फाइल लागते. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला बरोबर २५ फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं. आवाज ४८ किलोहर्ट्झ. हे नियम १९९६ साली पहिले प्लेअर बाजारात आले तेव्हापासूनचे आहेत आणि त्यात घासाघीस होत नाही.

खरी गोची त्या २५ मध्ये आहे. तुमचा मोबाइल घेतो सेकंदाला ३०. तासाभराच्या चित्रणात १,०८,००० फ्रेम असतात, डिस्कवर जागा फक्त ९०,००० फ्रेमना. म्हणजे दर सहा फ्रेममधली एक कुठेतरी जिरवायची. फुकटचं ॲप सहावी फ्रेम सरळ उडवतं. माणसं बसून बोलत असतील तर कळत नाही. पण कॅमेरा आडवा फिरला किंवा काही वेगाने गेलं की चित्र ठेचकाळतं.

एका ढोलपथकातला मुलगा लक्ष्मी रोडवरच्या मिरवणुकीचं चित्रण घेऊन आला होता. त्याने घरी आधी २५ चं केलं, मग कुणीतरी सांगितलं "३० चांगलं", म्हणून परत ३० चं केलं. आधी सेकंदाला पाच फ्रेम गेल्या, मग त्यांच्या जागी शेजारच्याच पाच पुन्हा चिकटवल्या गेल्या. ध्वज नाचवणारा पोरगा दर थोड्या वेळाने हवेत गोठतो आणि मग उडी मारतो. तो म्हणाला, "तुमच्याकडे सॉफ्टवेअर आहे ना, नीट करा." आहे, पण फेकलेली फ्रेम कोणतंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. मूळ फाइल त्याने जागा हवी म्हणून पुसली होती.

तेच काम मूळ फाइलवरून केलं तर आम्ही फ्रेम उडवत नाही, मधली हालचाल मोजून नवीन २५ तयार करतो. याला वेळ लागतो, मशीन रात्रभर चालतं. चित्रण ६० चं असेल तर उत्तमच, त्यातून टीव्हीला सेकंदाला ५० अर्धी चित्रं (एकाआड एक ओळींची) देता येतात आणि ढोलावरचं टिपरू अगदी सुळसुळीत खाली येताना दिसतं.

आता आवाज. दिव्यांचा उजेड कमी झाला की मोबाइल गुपचूप फ्रेम कमी करतो. वर लिहिलेलं असतं ३०, प्रत्यक्षात सरासरी पडते २९.९. ॲप ठोकळेबाजपणे सगळ्या फ्रेम ३० च्या चालीने लावतं आणि तासाला चित्र आवाजाच्या १२ सेकंद पुढे पळतं. सुरुवातीला सगळं ठीक दिसतं. चाळीसाव्या मिनिटाला मंगलाष्टकं येतात तेव्हा अक्षता आधी पडतात आणि 'सावधान' आठ सेकंदांनी मागून येतं. म्हणून आम्ही प्रत्येक डिस्क काउंटरमागच्या जुन्या प्लेअरवर लावतो आणि शेवटची दहा मिनिटं बघतो. "लगेच द्या ना" म्हणणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं.

हौशी कॅमेऱ्यावर २४ चं चित्रण केलेलं असेल तर ते २५ च्या चालीने पळवतो, सिनेमे टीव्हीवर आणताना हीच पद्धत वापरतात. तासाभराची फिल्म ५७ मिनिटं ३६ सेकंदांची होते. एका काकांनी घड्याळ लावून मोजलं आणि अडीच मिनिटं कुठे कापली म्हणून जाब विचारला. काहीही कापलेलं नसतं. आवाज बारीक होऊ नये म्हणून त्याची पट्टीही आम्ही जागेवर आणतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मुलगा अमेरिकेत असेल आणि डिस्क तिकडे जाणार असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. तिकडे एनटीएससी पद्धत, ७२० बाय ४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम. इथले बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती वाचतात, तिकडचे बरेचसे पाल वाचत नाहीत. गंमत म्हणजे मोबाइलचं ३० तिकडच्या डिस्कला जवळजवळ जसंच्या तसं बसतं. कष्ट पडतात ते वाईच्या आजींच्या डिस्कला.

लोक फाइल घरीच दाबून लहान का करतात, याचं कारण आम्हाला आता पाठ झालंय: "पेनड्राइव्हवर जातच नव्हती." पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल तो घेत नाही, मग तो ६४ जीबीचा का असेना. तो एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. नाहीतर सरळ मोबाइल आणि केबल घेऊन या, आम्ही तुमच्यासमोर उतरवून घेतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो वाटेतच दाबला जातो. लहान क्लिप असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पुढच्या कार्यासाठी एक सुचवून ठेवतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात २५ चा पर्याय असेल तर तो निवडा, काही फोनांत तो 'पाल' नावाखाली सापडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधल्या ट्यूबलाइट ३० वर जशा लुकलुकतात तशा २५ वर सहसा लुकलुकत नाहीत.

तीन तासांचं लग्न एका डिस्कवर मागू नका. डिस्क ४.७ जीबीची असते (कंप्युटर ४.३७ दाखवतो, दोन्ही आकडे खरेच आहेत, मोजण्याची पद्धत वेगळी). तासाभराला चित्र सुरेख येतं, दोन तासांना बरं. तीन तास कोंबले की शालूच्या जरीचे चौकोन होतात. दुसऱ्या डिस्कच्या पैशांसाठी सांगतोय असं वाटत असेल तर दोन मिनिटांचा तुकडा दोन्ही प्रकारे करून दाखवतो, फुकट. बघून ठरवा.

आणि डिस्क घरच्या प्लेअरवर शेवटपर्यंत बघून होईतो मोबाइलमधली मूळ फाइल पुसू नका. आमच्याकडची प्रत आम्ही पंधरा दिवस ठेवतो, नंतर मशीनवर जागा उरत नाही.