क्रायफसाठी वाजलेल्या टाळ्या: हजारो हात एका तालात येतात तरी कसे?

२४ मार्च २०१६ ला डच फुटबॉलपटू योहान क्रायफ बार्सिलोनामध्ये वारला. वय ६८, फुफ्फुसाचा कॅन्सर. दुसऱ्याच दिवशी ॲमस्टरडॅमला नेदरलँड्स विरुद्ध फ्रान्स अशी मैत्रीपूर्ण मॅच आधीपासून ठरलेली होती. ती झाली, फ्रान्सने सुरुवातीलाच दोन गोल ठोकले, आणि चौदाव्या मिनिटाला खेळ थांबवला. खेळाडू जिथे होते तिथे उभे राहिले आणि अख्खं स्टेडियम मिनिटभर टाळ्या वाजवत राहिलं. चौदाव्याच मिनिटाला, कारण १४ हा त्याच्या जर्सीचा नंबर.

अशा प्रसंगांबद्दल बोलताना लोक हमखास म्हणतात की तिथे हजारो लोकांचं एक मन झालं होतं, सामूहिक ऊर्जा तयार झाली होती. भावना शंभर टक्के खरी आहे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण हे ऊर्जेचं स्पष्टीकरण मला पटत नाही, कारण खरं कारण त्याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे.

आधी कोच म्हणून क्रायफ काय होता ते थोडक्यात. खेळाडू म्हणून तो महान होताच, पण १९८८ ते १९९६ त्याने बार्सिलोनाला कोचिंग केलं, ओळीने चार वेळा स्पॅनिश लीग जिंकून दिली, आणि १९९२ मध्ये वेम्बलीवर सॅम्पडोरियाला १-० हरवून क्लबचा पहिलावहिला युरोपियन कप आणला (एक्स्ट्रा टाइममध्ये त्याचा खेळाडू कूमन याची ती फ्रीकिक!). त्या टीममध्ये खेळणारा ग्वार्डिओला पुढे स्वतः कोच झाला आणि गुरूचं फुटबॉल त्याने जगभर नेलं. म्हणून एका माणसासाठी दोन देशांतले फॅन्स रडले.

आता टाळ्या. २००० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत नेडा, विचेक, बाराबासी वगैरे संशोधकांचा एक छोटासा पेपर आला होता. त्यांनी रोमानिया आणि हंगेरीतल्या थिएटर-ऑपेरामधल्या टाळ्या रेकॉर्ड केल्या. तिकडे कार्यक्रम आवडला की आधी नुसता कडकडाट होतो, मग काही सेकंदांत कुणीही इशारा न करता सगळे एका ठेक्यावर येतात, थोड्या वेळाने ठेका मोडतो, परत कडकडाट, परत ठेका. हे असं का होतं?

प्रत्येक माणसाचा टाळीचा स्वतःचा एक वेग असतो. उत्साहाने बेफाम वाजवताना तो साधारण सेकंदाला चार टाळ्यांच्या आसपास जातो, पण माणसागणिक त्यात बराच फरक पडतो. ठेक्यात वाजवायचं म्हटलं की तोच माणूस जवळपास निम्म्या वेगावर येतो, सेकंदाला दोन. आणि गंमत अशी की या संथ वेगात माणसामाणसांतला फरकसुद्धा खूप कमी होतो. सगळी किल्ली इथेच आहे.

समजा दोघे जण वाजवतायत, एक सेकंदाला ४ टाळ्या आणि दुसरा ४.४. पाच सेकंदांत दुसरा दोन टाळ्या पुढे निघून जातो, मग कितीही कान देऊन ऐकलं तरी सावरता येत नाही. आता हेच दोघे २ आणि २.१ वर आले तर पाच सेकंदांत फरक पडतो फक्त अर्ध्या टाळीचा, आणि तेवढा फरक शेजारच्याचा आवाज ऐकत ऐकत माणूस सहज भरून काढतो. योशिकी कुरामोतो या जपानी भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये यामागचं गणित मांडलं. आपापल्या वेगाने चालणारे खूप सारे दोलक (लंबकासारख्या, ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा हलणाऱ्या गोष्टी) घ्या, ते एकमेकांना थोडं थोडं खेचत असतील तर दोन गोष्टींची झुंज लागते, एक म्हणजे वेगांमधली तफावत आणि दुसरी म्हणजे खेचण्याचं बळ. बळ एका उंबरठ्याच्या खाली असेल तर नुसता गोंधळ, त्याच्या वर गेलं की गटच्या गट अचानक जुळायला लागतात. हा उंबरठा किती उंच ते तफावतीवर ठरतं, तफावत कमी तर उंबरठाही खाली. टाळ्यांच्या बाबतीत खेचण्याचं बळ म्हणजे आपले कान. ते वाढवता येत नाही, मग लोक नकळत तफावत कमी करतात, म्हणजे संथ होतात, आणि जुळतात!

असं आपोआप जुळण्याची पहिली नोंद एका डच शास्त्रज्ञाचीच आहे. १६६५ मध्ये क्रिस्टियान हायगेन्स आजारी पडून खोलीत होता, तेव्हा त्याला दिसलं की एकाच आधारावर टांगलेल्या दोन लंबकाच्या घड्याळांचे लंबक थोड्या वेळात आपोआप ठरावीक लयीत येतात, एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे. आधाराच्या लाकडातून जाणारे अगदी बारीक धक्के एवढंच त्यांच्यातलं नातं. घड्याळांना मन नसतं, तरी जुळली.

पण जुळण्याची किंमत मोजावी लागते, आणि मला टाळ्यांच्या त्या 'नेचर'मधल्या पेपरमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. वेग निम्मा झाला की दर सेकंदाला पडणाऱ्या टाळ्या निम्म्या, म्हणजे एकूण आवाज कमी होतो. लोकांना तर अजून जोरात दाद द्यायची असते, म्हणून ते वेग वाढवतात, वेग वाढला की तफावत वाढते आणि ताल फुटतो. एकत्र वाजवायचं की मोठ्याने वाजवायचं, दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून ते आलटून पालटून चालतं.

स्टेडियममध्ये आणखी एक अडचण येते. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरासमोरच्या स्टँडमध्ये २०० मीटर अंतर धरलं तर तिकडची टाळी इकडे पोचायला ०.६ सेकंद लागतात, आणि संथ ठेक्यात दोन टाळ्यांमध्ये असतो फक्त अर्धा सेकंद. म्हणजे तिकडची टाळी येईपर्यंत इकडची पुढची पडूनही गेलेली असते. थिएटरसारखा एकच ताल निव्वळ कानाने अख्ख्या स्टेडियमला धरता येत नाही, स्टँडस्टँडचे वेगळे ताल होतात. समोरच्यांचे वर उचललेले हात बघून वाजवलं तर मात्र जमू शकतं, कारण प्रकाशाला तेवढं अंतर म्हणजे काहीच नाही.

त्या 'ऊर्जे'बद्दल एवढंच सांगतो की हजारो टाळ्यांच्या आवाजातली ऊर्जा अगदी किरकोळ असते आणि हवेत, भिंतींत, कपड्यांत शोषली जाऊन तिची उष्णता होते. तिने वातावरण शुद्ध होतं असं काही जण म्हणतात, तसं काही होत नाही. आणि १४ आकड्यात अंकशास्त्रवाले जे शोधतात तेही तिथे नाही. १९७४ च्या वर्ल्डकपला डच टीमचे नंबर आडनावांच्या वर्णानुक्रमाने दिले होते, म्हणून एरवी गोलकीपरचा असणारा एक नंबर गील्स नावाच्या फॉरवर्डला गेला, क्रायफने मात्र आपला १४ सोडला नाही. आकड्याला अर्थ त्याच्या खेळाने आला, आणि २००७ मध्ये त्याच्या जुन्या क्लबने, ॲमस्टरडॅमच्या आयाक्सने, तो नंबर कायमचा निवृत्त केला.

टाळ्या थांबतात कशा हेही शोधलंय. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या रिचर्ड मान आणि सहकाऱ्यांनी छोट्या प्रेक्षकगटांचे व्हिडिओ तपासले. टाळी साथीच्या रोगासारखी पसरते आणि तशीच थांबते, आणि माणूस शेजारच्यापेक्षा एकूण किती जण वाजवतायत यावर जास्त ठरवतो. त्यामुळे टाळ्या किती लांबल्या यावरून प्रेम मोजू नये. मॅचमध्ये तर हा प्रश्नच येत नाही, रेफ्री शिट्टी मारतो आणि खेळ पुढे सुरू होतो. त्या दिवशी नेदरलँड्सने नंतर दोन्ही गोल फेडले, तरी शेवटी फ्रान्सच ३-२ ने जिंकलं.