फुप्फुसाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतरचे रेडिएशन : पार्श्वभूमी

एप्रिल १९३३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे एव्हार्ट्स ग्रॅहम या शल्यचिकित्सकाने कर्करोगग्रस्त असे एक संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढून टाकले आणि त्यानंतर तो रुग्ण तीस वर्षे जगला. फुप्फुसाचा कर्करोग शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो, हा विश्वास तेव्हापासून रुजला. मात्र गाठ पूर्णपणे निघाली असे वाटत असतानाही अनेक रुग्णांच्या छातीत, विशेषतः दोन फुप्फुसांच्या मधल्या भागातील लसिकाग्रंथींमध्ये, रोग पुन्हा डोके वर काढत असे. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी पदार्थाच्या यंत्रांवर उपचार सुरू झाल्यावर शरीरात खोलवर किरण पोहोचवणे सोपे झाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या उरलेल्या पेशी शस्त्रक्रियेनंतर किरणांनी नष्ट कराव्यात, हा विचार त्यातून पुढे आला आणि अनेक वर्षे तो जवळजवळ स्वयंसिद्ध मानला गेला.

त्याची कसोटी पाहणाऱ्या चाचण्यांपैकी अमेरिकेतील लंग कॅन्सर स्टडी ग्रुपची १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी विशेष बोलकी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील स्क्वॅमस (चपट्या पेशींच्या) प्रकारच्या कर्करोगाच्या या रुग्णांमध्ये, किरण दिलेल्या भागात रोग परतण्याचे प्रमाण जवळजवळ नाहीसे झाले. आयुर्मान मात्र वाढले नाही. रोग दूरच्या अवयवांत आधीच पोहोचलेला असेल, तर छातीपुरता मिळवलेला विजय रुग्णाला वाचवत नाही, हे त्यातून दिसले.

१९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणाने खरा धक्का दिला. नऊ चाचण्यांतील २,१२८ रुग्णांची वैयक्तिक माहिती तपासल्यावर असे आढळले की शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका २१ टक्क्यांनी अधिक होता आणि दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ५५ वरून ४८ टक्क्यांवर आले होते. हानी प्रामुख्याने सुरुवातीच्या टप्प्यांतील, म्हणजे मध्यभागातील ग्रंथींपर्यंत रोग न पोहोचलेल्या रुग्णांमध्ये दिसली. या निष्कर्षावर आक्षेपही रास्त होते, कारण त्यातील बऱ्याच चाचण्या जुन्या काळातील होत्या. सीटी स्कॅनवर आधारित नियोजन नव्हते, किरणांचे क्षेत्र मोठे होते आणि हृदय व निरोगी फुप्फुस यांना बरीच मात्रा मिळत असे. तरीही आपल्या उपचारामुळे रुग्ण दगावत असावेत, ही शक्यता मान्य करणे डॉक्टरांसाठी सोपे नव्हते, आणि ती मान्य केली गेली याचे महत्त्व मला फार वाटते. सुरुवातीच्या टप्प्यांतील रुग्णांना नियमितपणे रेडिएशन देण्याची पद्धत त्यानंतर मागे पडली.

प्रश्न उरला तो मध्यभागातील ग्रंथींत रोग पोहोचलेल्या, म्हणजे ‘एन-२’ गटातील रुग्णांचा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी नोंदणीतील ७,४६५ रुग्णांच्या अभ्यासात या गटाला लाभ होत असल्याचे दिसले. परंतु नोंदींवरून काढलेला निष्कर्ष चाचणीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून युरोपात ‘लंग आर्ट’ ही चाचणी उभी राहिली. २००७ ते २०१८ या काळात तिने ५०१ रुग्ण जमवले. निम्म्यांना ५४ ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी मात्रा दिली गेली, उरलेल्यांना रेडिएशन दिले गेले नाही. रोग न परतता तीन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत ४७ आणि न घेतलेल्यांत ४४ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. मध्यभागात रोग परतण्याचे प्रमाण निश्चित घटले, पण हृदय व फुप्फुसांचे गंभीर त्रास ५ वरून ११ टक्क्यांवर गेले. चीनमधील ‘पोर्ट-सी’ चाचणीनेही २०२१ मध्ये साधारण असाच कौल दिला.

त्यामुळे गाठ पूर्ण निघाली असल्यास ‘एन-२’ रुग्णांनाही आता सरसकट रेडिएशन दिले जात नाही. कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी राहिल्या असतील, तर मात्र त्याचा विचार आजही केला जातो. वाद पूर्ण मिटलेला नाही, कारण ‘लंग आर्ट’मधील बहुतेकांना त्रिमितीय नियोजनाने उपचार मिळाले होते आणि हृदय अधिक काटेकोरपणे वाचवणारे आयएमआरटी तंत्र थोड्यांनाच मिळाले होते.