डॉ. झॉ मिंट माँग: मेडिकल कॉलेज, तुरुंग, मुख्यमंत्रीपद आणि परत तुरुंग

ऑक्टोबर २०२४ मध्ये म्यानमारमधल्या (म्हणजे बर्मातल्या) मंडालेच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉ. झॉ मिंट माँग वारले. वय ७२, ब्लड कॅन्सर. २०२१ च्या लष्करी उठावापर्यंत ते मंडाले प्रांताचे मुख्यमंत्री होते, लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांच्या एनएलडी (नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी) पक्षाचे उपाध्यक्षही होते. पण डॉक्टर माणूस राजकारणात आला कसा, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

हे मंडालेच्या मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायचे. १९६२ पासून देश लष्कराच्या ताब्यात, आणि १९८८ ला विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा डॉक्टर-नर्सेसना बाजूला राहणं शक्यच नव्हतं, कारण गोळ्या लागलेली पोरं त्यांच्याकडेच येत होती. १० ऑगस्ट १९८८ ला तर सैनिकांनी रंगूनच्या जनरल हॉस्पिटलवरच गोळीबार केला, त्यात नर्सेसनाही गोळ्या लागल्या. जखमी माणूस आणि त्याला जखमी करणारं सरकार हे दोन वेगळे विषय उरलेच नाहीत, असं मला वाटतं.

मे १९९० ला निवडणूक झाली. एनएलडीला ४८५ पैकी ३९२ जागा, अमरपुराहून डॉक्टरसाहेब निवडून आले. पण लष्कर म्हणालं आधी राज्यघटना, मग सत्ता. निवडून आलेल्या काही लोकांनी मंडालेत गुपचूप भेटून आपलंच सरकार स्थापायचं ठरवलं, आणि धरपकड सुरू झाली. यांना नोव्हेंबरमध्ये उचललं, शिक्षा २५ वर्षं.

मंडाले म्हटलं की आपल्याला लोकमान्यांची सहा वर्षं आठवतात, पण बर्मी माणसाच्या मनात तुरुंग म्हटलं की आधी रंगूनचा इन्सेन येतो. डॉक्टरसाहेबही तिथेच होते. तिथल्या कैद्यांनी चोरून कागद-पेन मिळवलं, बाहेरच्या बातम्या हाताने लिहून आतल्या आत फिरवल्या आणि तुरुंगातल्या छळाची माहिती संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीसाठी लिहून काढली. झडतीत ते सापडलं. १९९६ ला यांची शिक्षा आणखी वाढवली, पुढे पार उत्तरेला काचिन प्रांतातल्या मिचिनाच्या तुरुंगात पाठवलं, म्हणजे घरच्यांना भेटायला जायचं तरी केवढा प्रवास! सुटले ते थेट फेब्रुवारी २००९ मध्ये. चाळिशीच्या आत गेलेला माणूस साठीकडे झुकून बाहेर आला, आणि तरी २०१२ ची पोटनिवडणूक लढवून संसदेत गेला. मला यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो.

२०१५ ला एनएलडी भरघोस मतांनी जिंकली आणि २०१६ ला हे मुख्यमंत्री झाले. शेजारच्या मागवे प्रांताचे मुख्यमंत्री आंग मो न्यो, तेही डॉक्टरच. मात्र २००८ च्या घटनेने संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराला राखून ठेवलेल्या, शिवाय संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती लष्कराकडेच, त्यामुळे मुख्यमंत्री असून पोलीस काही हातात नव्हते. त्यांच्या कामाचं मूल्यमापन करताना हे विसरून कसं चालेल?

१ फेब्रुवारी २०२१ ला परत उठाव, त्याच दिवशी परत अटक. कॅन्सर असतानाही निवडणुकीत घोटाळा, भ्रष्टाचार अशा आरोपांखाली एकूण २९ वर्षांची शिक्षा ठोठावली, सुटका केली ती अगदी शेवटी. आणि उठावानंतर कामावर बहिष्कार टाकून सगळ्यात आधी उभे राहिले ते सरकारी हॉस्पिटलांमधले डॉक्टर आणि नर्सेसच, त्यात मंडालेचेही होते.