पॅगोनिस, विल्यम
विल्यम ‘गस’ पॅगोनिस (जन्म १९४१) हे अमेरिकी भूदलाचे निवृत्त लेफ्टनंट जनरल. आखाती युद्धात रसदपुरवठ्याची सूत्रे त्यांच्याकडे होती आणि पुढे हाच अनुभव त्यांनी सीअर्स या दुकानसाखळीत वापरला. जन्म पेनसिल्व्हेनियातील, एका ग्रीक वंशाच्या कुटुंबातला. व्हिएतनाम युद्धात ते बोटींच्या वाहतूक कंपनीचे प्रमुख होते. तेथील शौर्याबद्दल त्यांना ‘सिल्व्हर स्टार’ मिळाला.

इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर ऑगस्ट १९९० मध्ये ते सौदी अरेबियात धहरानला पोहोचले. सैन्य उतरत होते, पण तंबू, पाणी, ट्रक यांचा पत्ता नव्हता. पॅगोनिस यांनी स्थानिक कंत्राटदार गाठले आणि ट्रक चालकांसकट भाड्याने घेतले. त्यांची खरी कसोटी जानेवारी १९९१ मध्ये लागली. शत्रूला बगलेवरून गाठण्यासाठी सैन्याच्या दोन कोअर (अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या मोठ्या सैन्यरचना) शेकडो मैल पश्चिमेला हलवायच्या होत्या, आणि तेही इराकला सुगावा लागू न देता. तेलवाहिनीला लागून जाणाऱ्या टॅपलाइन रस्त्यावरून मिनिटाला १८ वाहने, रात्रंदिवस, असा हा ओघ सुमारे तीन आठवडे चालला. पुरवठ्याची जबाबदारी एकाच माणसावर असावी म्हणून या मोहिमेचे सरसेनापती जनरल श्वार्झकॉफ यांनी त्यांना रणभूमीवरच बढती मिळवून दिली.

सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. सुमारे ४०,००० कंटेनर आले. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांत काय आहे हे ते उघडल्याशिवाय कळत नव्हते. मागवलेला माल हाती पडत नाही म्हणून तुकड्या तोच माल पुन्हा मागवत, आणि बंदरातला ढीग आणखी वाढे. युद्ध संपल्यावर सगळे परत पाठवण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात पडले. परकी माती आणि कीड अमेरिकेत जाऊ नये, म्हणून रणगाडे अगदी सांधीकोपऱ्यांपर्यंत धुवावे लागले. लढाईच्या वर्णनांत या धुण्याला सहसा जागा मिळत नाही.

त्यांची कार्डे प्रसिद्ध आहेत. तीन बाय पाच इंचांच्या कार्डावर हाताखालच्या कोणीही अडचण लिहावी, ती वरपर्यंत जावी आणि २४ तासांत शेरा मारून परत यावी, असा दंडक होता. बैठका उभ्यानेच होत, त्यामुळे लवकर आटपत.

१९९३ मध्ये ते सैन्यातून निवृत्त होऊन सीअर्समध्ये रसदविभागाचे कार्यकारी उपाध्यक्ष झाले. कंपनी तेव्हा मोठ्या तोट्यात होती. जुना, जाडजूड टपाल-कॅटलॉग तिने त्याच वर्षी बंद केला. इथे शत्रू नव्हता, पण गोदामात अडकलेला फ्रिज आणि ठरल्या दिवशी त्याची वाट पाहणारे गिऱ्हाईक होते. कार्डे आणि उभ्याच्या बैठका त्यांनी इथेही आणल्या. २००४ मध्ये त्यांनी सीअर्स सोडली. त्यानंतर छोट्या मार्गांवर मालगाड्या चालवणाऱ्या रेलअमेरिका कंपनीच्या संचालक मंडळाचे ते अध्यक्ष होते.