तिकीट कुठल्या एअर इंडियाचं?

आम्ही विमानाची तिकिटं काढून देतो. पुण्याहून विमान पकडणाऱ्या आमच्या ग्राहकांचे सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी येतात: "तुम्ही दिलेला पीएनआर साइट घेतच नाही." फोन बहुधा रात्री जेवणं झाल्यावर येतो, कारण वेब चेक-इनला माणूस तेव्हाच बसतो. आम्ही उघडून बघतो तर पीएनआर बरोबर, आडनावाचं स्पेलिंगही बरोबर. तिकीट असतं एअर इंडिया एक्सप्रेसचं आणि मंडळी बसलेली असतात एअर इंडियाच्या साइटवर.

यात ग्राहकांची चूक थोडी, नावांचा घोळ जास्त. टाटांनी 27 जानेवारी 2022 ला एअर इंडिया घेतली तेव्हा त्यांच्या घरात चार विमान कंपन्या झाल्या: एअर इंडिया, तिच्याबरोबर आलेली स्वस्तातली एअर इंडिया एक्सप्रेस, सिंगापूर एअरलाइन्सच्या भागीदारीतली विस्तारा आणि एअरएशिया इंडिया. यातली एअरएशिया इंडिया (शेवटी शेवटी तिचं नाव एआयएक्स कनेक्ट होतं) 1 ऑक्टोबर 2024 ला एक्सप्रेसमध्ये विलीन झाली. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात गेली. लोकांनी बातमी ऐकली आणि डोक्यात बसलं, 'सगळ्या एक झाल्या.' झाल्या दोन. मालक एक असला तरी परवाने, साइट आणि विमानतळावरचे काउंटर अजून वेगवेगळे आहेत.

म्हणून तिकीट हातात आलं की कंपनीच्या नावाआधी फ्लाइट नंबर बघा. सुरुवातीला 'एआय' असेल तर एअर इंडिया, 'आयएक्स' असेल तर एक्सप्रेस. जुन्या तिकिटांवरचं विस्ताराचं 'यूके' आणि एअरएशियाचं 'आय5' आता विसरा. मागच्या वेळचा नंबर बघून "तीच फ्लाइट द्या" म्हणालात तर आम्हाला वेळ आणि मार्ग विचारावाच लागतो. जोडफ्लाइट असेल, म्हणजे मध्ये विमान बदलायचं असेल, तर 'ऑपरेटेड बाय' ही बारीक अक्षरातली ओळही वाचा. नंबर एकीचा आणि विमान दुसरीचं, असंही असतं. चेक-इन करायचं ते विमान चालवणाऱ्या कंपनीकडे.

गेल्या दिवाळीत वाईचे एक काका-काकू मुलाकडे बंगळुरूला निघाले होते. लोहगावला अडीच तास आधी पोचले, म्हणजे आमच्या सांगण्यापेक्षाही आधी. एअर इंडियाची पाटी दिसली, उभे राहिले. पाऊण तासाने नंबर लागला तेव्हा कळलं की तिकीट एक्सप्रेसचं. तिकडच्या रांगेत पुन्हा पहिल्यापासून. देशांतर्गत विमानाचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. त्यांची बॅग वजनकाट्यावर चढली तेव्हा बंद व्हायला चार मिनिटं उरली होती. काकूंचा चकल्यांचा डबा वाचला, एवढंच समाधान.

दुसरा फरक पोटाचा आणि बॅगेचा. एअर इंडियात जेवण तिकिटात धरलेलं असतं, एक्सप्रेसमध्ये बहुतेक तिकिटांवर ते विकत घ्यावं लागतं. एक्सप्रेसचं सगळ्यात स्वस्त 'लाइट' भाडं फक्त हातातल्या सामानाचं आहे. मोबाइलवर आमच्यापेक्षा पाचशेने स्वस्त तिकीट मिळालं म्हणून परस्पर काढणाऱ्यांपैकी बरेच जण हेच काढतात आणि बॅगेचे पैसे काउंटरवर भरतात. तिथला दर ऐकून मग आमचा सर्व्हिस चार्ज आठवतो! आम्ही भाव सांगतो तो बॅग धरून, त्यामुळे तो जास्त दिसतो.

"विलीनीकरणात पैसे बुडणार नाहीत ना?" असंही विचारतात. आधीच्या काही जोड्या फसल्या हे खरं. किंगफिशरने एअर डेक्कन घेतली, कारण परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा पाच वर्षं देशात उडल्याची अट होती आणि डेक्कन 2003 पासून उडत होती. 2012 ला किंगफिशरच जमिनीवर आली. आताचं प्रकरण तसं नाही. विस्ताराची पुढची बुकिंगं एअर इंडियाकडे वर्ग झाली. आमच्या ग्राहकांनी काढलेल्या तशा सगळ्या तिकिटांवर प्रवास झाला. ज्यांनी फ्लाइट नंबर बदलल्याचा मेसेज बघून घाबरून स्वतःच रद्द केलं, त्यांचं मात्र कॅन्सलेशन कापलं गेलं. असा मेसेज आला की बटण दाबण्याआधी आम्हाला पाठवा.

आणि बुकिंगला मोबाइल नंबर तुमचाच द्या. "तुमचाच टाका हो" म्हणतात बरेच जण. आम्ही टाकत नाही, त्यावरून नाराजीही ओढवते. पण वेळ बदलल्याचा मेसेज पहाटे चारला येतो, आणि तो विमानात बसणाऱ्याच्या खिशात वाजायला हवा.

आमच्याकडून काढलेल्या प्रत्येक तिकिटावर आता लाल पेनाने 'एआय' किंवा 'आयएक्स' लिहून देतो. व्हॉट्सअॅपवर बरोबर साइटची लिंकही पाठवतो. वेब चेक-इन आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत सांगितलंत तर इथूनच करून देतो, वेगळे पैसे नाहीत. परस्पर काढलेलं तिकीट घेऊन आलात तरी वाचून दाखवू, फक्त दुपारी एक ते तीन सोडून या.