विमानाच्या इंजिनात एरंडेल!

लहानपणी ज्यांना नाक दाबून एरंडेल पाजलंय त्यांना ते डोळे मिटूनही ओळखता येतं, बोटाला धरून राहणारा तो दाट चिकटपणा दुसऱ्या तेलाला नाही. मला ते परत भेटलं थेट इंग्लंडमध्ये, बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनच्या एअर शोमध्ये, १९१८ सालच्या एव्ह्रो ५०४के विमानाच्या नाकाखाली ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये. इंजिनातून थेंब थेंब गळत होतं, तिथल्या एका आजोबांनी माझ्या मुलीला बोट बुडवून बघ म्हटलं, तिने ते बोट माझ्या नाकाशी आणलं आणि मी म्हटलं अगं हे तर एरंडेल! आजोबा जाम खूश. म्हणाले, याला दुसरं चालतच नाही.

का चालत नाही, ते खरंच फार भारी आहे.

आपल्या गाडीत इंजिन जागेवर असतं आणि आतला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या धक्क्याने गोल फिरणारा दांडा, फिरतो. या विमानात उलटं. क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला आणि अख्खं इंजिन, सगळे ९ सिलिंडर, पंख्यासकट त्याच्याभोवती गरागरा फिरतं. याला रोटरी इंजिन म्हणतात. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंनी १९०८-०९ च्या सुमारास 'नोम' नावाने ते विमानांसाठी आणलं. तेव्हाची इंजिनं जड असायची आणि पटकन तापायची. इंजिनच फिरवलं की सिलिंडरना आपोआप वारा लागतो, रेडिएटर नको, पाणी नको, फिरणं एकसारखं ठेवणारं वेगळं जड चाक (फ्लायव्हील) नको, वजन एकदम कमी. सिलिंडर एका रांगेत नेहमी विषम असतात, ७ किंवा ९, कारण फोर स्ट्रोकमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो त्या पद्धतीत, एक सोडून एक सिलिंडर पेटवत गेलं तर विषम आकड्यातच क्रम न तुटता दोन फेऱ्यांत सगळ्यांचा नंबर लागतो. वहीवर गोल काढून ७ ठिपके देऊन बघा, मुलं पाच मिनिटांत समजतात.

आता फिरत्या सिलिंडरना पेट्रोल पोचवायचं कसं? तर पोकळ क्रँकशाफ्टमधून, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच जातं, आणि वंगणाचं तेलही तिथेच. साधं खनिज तेल घातलं तर पेट्रोल ते विरघळवून धुऊन काढणार, आणि कोरडं पडलेलं इंजिन थोड्याच वेळात जॅम. एरंडेल मात्र पेट्रोलमध्ये नीट मिसळतच नाही. कारण एरंडेलातली जवळजवळ ९० टक्के स्निग्धाम्लं एकाच प्रकारची आहेत, रिसिनोलेइक आम्ल, आणि त्याच्या लांबलचक साखळीच्या मधेच ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लटकलेली असते. खोबरेल, शेंगदाणा, करडई, कशातच असं नसतं. या जोडीमुळे एरंडेलाचे रेणू एकमेकांना धरून राहतात, म्हणून ते इतकं दाट, धातूलाही चिकटून बसतं, आणि पेट्रोलशी त्याचं जमत नाही.

आणि गंमत म्हणजे पोट साफ होतं तेही याच रिसिनोलेइक आम्लामुळे! आतड्यात तेल फुटून ते मोकळं होतं आणि आतड्याच्या स्नायूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं, की स्नायू आकुंचन पावायला लागतात. हे कोडं नीट सुटलं ते २०१२ मध्ये, जर्मनीतल्या संशोधकांनी तो ग्राहक नसलेल्या उंदरांना एरंडेल दिलं तर त्यांना काहीच झालं नाही. मला हे वाचून आजीची आठवण आली, कोमट दुधातून द्यायची ती.

तर हे तेल इंजिनात फिरून परत टाकीत येत नाही. थोडं जळतं, बाकीचं धुराबरोबर बाहेर उडतं, तासाला कित्येक लिटर, आणि पायलट मागेच उघड्यावर बसलेला. चष्मा, कोट, मफलर सगळं तेलकट. त्या काळच्या पायलटांची पोटं बिघडायची असं सांगतात, आणि तो धूर नाकातोंडात घेतल्यावर नवल नाही. म्हणूनच एव्ह्रो धावपट्टीकडे निघालं तेव्हा सगळीकडे तो गोडसर, जळका वास पसरला. आपल्याकडे गॅरेजागणिक ज्या कॅस्ट्रॉलचा बोर्ड दिसतो ना, ते नावही कॅस्टर ऑइलवरूनच पडलंय. आणि आज जगात सर्वात जास्त एरंडी पिकते ती भारतात, त्यातही गुजरातमध्ये.

दीडशे किलोच्या आसपासचं धूड सेकंदाला वीस फेऱ्या मारतंय म्हणजे विमानाच्या नाकावर एक प्रचंड भोवराच बसवलाय. सायकलचं चाक काढून दोन हातांनी आस धरा, कोणाला तरी जोरात फिरवायला सांगा आणि चाक वळवून बघा, ते भलतीकडेच झुकतं. पहिल्या महायुद्धातल्या सोपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानात हेच व्हायचं, उजवीकडे वळलं की नाक खाली, डावीकडे वळलं की नाक वर. कसलेल्या पायलटला उजवीकडची झटकन गिरकी लढाईत उपयोगी पडायची, पण शिकाऊ मुलं यात फार गेली, वीस-एकवीस वर्षांची. त्या युद्धात लढलेले आपले भारतीय पायलट हरदित सिंग मलिक कॅमल चालवायचे, पगडीवर बसेल असं खास हेल्मेट करून घेतलेलं, १९१७ मध्ये पायात गोळ्या लागूनही ते वाचले.

ओल्ड वॉर्डनमध्ये एसई-५ए हे त्याच युद्धातलं लढाऊ विमान पण आहे, अस्सल १९१८ चं, अजून उडणारं. त्याचं इंजिन पाण्याने थंड होणारं, जागेवर बसलेलं, तिथे एरंडेलाची गरज नाही. याच जातीच्या विमानातून आपले दुसरे भारतीय पायलट इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत १० विजय मिळवले आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ते लढाईत मारले गेले, वय १९. मी तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

मुलांना घेऊन जायला ही जागा मस्त आहे, कारण सगळं जवळून दिसतं. पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करणारी माणसं, ब्रेक नाहीत म्हणून विमानाच्या बाजूच्या पंखाचं टोक धरून बरोबर पळणारी माणसं. फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीवर बसवलेला हक्स स्टार्टरही आहे, तो पुढून दांडा लावून विमानाचा पंखा फिरवून देतो. आणि एव्ह्रो उतरताना कान द्या, इंजिन 'बर्रर्र' करून गप्प होतं, परत 'बर्रर्र'. बिघाड नाही तो. या इंजिनाचा वेग हवा तसा कमी करता येत नाही म्हणून पायलट बटण दाबून ठिणगीच बंद-चालू करतो.

संध्याकाळपर्यंत मात्र थांबा. १९०९ चं ब्लेरिओ विमान वारा पूर्ण पडल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. आम्ही होतो त्या दिवशी सातनंतर झाडाचं पानही हलेना, तेव्हा ते काढलं, लाकूड, तारा आणि कापड, इंजिन फक्त ३ सिलिंडरचं. गवतावरून धडधडत गेलं, माणसाच्या उंचीएवढं वर उठलं, सरळ रेषेत थोडं गेलं आणि परत टेकलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझी मुलगी अजून ते बोट हुंगत होती.